आरशातला हात

रस्ता संपला. नोरीनचं बोलायचं होतं ते अर्धा मैल मागेच बोलून झालं होतं. पिकअपच्या नाकासमोर वनखात्याचं आडवं लोखंडी फाटक होतं, त्याला कुलूप होतं आणि फाटकापलीकडे रस्त्याखालची मोरी वाहून गेल्यामुळे रस्ताच उरला नव्हता. डाव्या हाताला डोंगराची कापलेली दरड, उजव्या हाताला झुडपांतून खाली ओढ्यापर्यंत गेलेला उतार, आणि मागे त्यांचं घर. ते घर तेहेतीस फूट लांब होतं आणि चाकांवर होतं.

"ठीक आहे," लाइल म्हणाला.

लाइलच्या तोंडून 'ठीक आहे' निघे ते काहीच ठीक नसताना. पन्नास वर्षांच्या संसारात नोरीनला एवढं तरी कळलेलं होतं. तिनं खिडकीची काच खाली केली. बाहेर पॉप्लरची पानं पिवळी पडून सळसळत होती, हवा थंड आणि स्वच्छ होती. फोनला रेंज नव्हती.

मोठ्या रस्त्यावरून इकडे वळताना तोंडाशीच पिवळी पाटी होती. पुढे ट्रेलर नेऊ नये, वळायला जागा नाही, असं त्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. नोरीन त्या वेळी फोनवर नकाशा बघत होती. मान वर करून तिनं पाटी वाचली आणि ओरडली तोवर ट्रेलरचं धूड निम्मंअधिक आत आलं होतं. लाइल म्हणाला, असतेच पुढे कुठेतरी जागा. ट्रेलर ओढणाऱ्या माणसांची ही जुनी खोड. मागे घ्यायचा एवढा कंटाळा, की चुकीच्या रस्त्यावरही ती पुढेच जात राहतात. रुंद जागा आता येईल, या वळणानंतर येईल, असं म्हणत ती स्वतःला अशा ठिकाणी नेऊन घालतात की तिथून मागे यायला आणखी लांब पडतं. लाइलनं नेमकं तेच केलं होतं.

पण त्यानं ती पाटी वाचली कशी नाही, हा प्रश्न नोरीननं विचारला नाही. त्याचं उत्तर तिला माहीत होतं.

दीड वर्षापासून माहीत होतं. लाइलचा उजवा डोळा गेला होता. आंधळा नव्हे, कडेकडेचं दिसायचं, पण मधोमध काच पुसायची राहून गेल्यासारखा डाग, आणि एकटा डावा पुरा पडत नव्हता. हे त्यानं कधी सांगितलं नाही. तिला कळलं ते असं, की तो कॉफी ओतायचा ती कपाच्या बाहेर, आणि मग कपालाच शिव्या घालायचा. हॉटेलात गेलं की मेनू तिच्याकडे सरकवून म्हणायचा, तूच सांग आज काय खायचं. पूर्वी हाच माणूस तिला काय खायचं ते विचारतसुद्धा नसे. आपल्याला हे कळलंय, याबद्दल नोरीननं ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर तो मोडला असता, असं ती स्वतःला समजावायची. खरं म्हणजे ती वाट बघत होती. त्यानं आपल्या तोंडानं म्हणावं, आता पुरे.

तिला थांबायचं होतं. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त सांगायची सोय नव्हती. नेब्रास्कातलं घर विकून, सोफा आणि पलंग लोकांना वाटून टाकून दोघं निघाली तेव्हा ती खुशीनं निघाली होती. पहिली दोन वर्षं तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. वाळवंट पाहिलं, समुद्र पाहिला, देवदारांची जंगलं पाहिली. पण आता हे सातवं वर्ष होतं आणि डोंगर बघितला की तिला तिथला चढ किती अवघड असेल एवढंच दिसायचं. टोमॅटोची दोन रोपं ती कुंड्यांत घेऊन फिरायची; गाडी चालू असली की ती रोपं न्हाणीघरात उभी. एवढ्याशा जागेत पन्नास वर्षं जुना नवरा, आणि त्याच्यापासून रुसून जायचं म्हटलं तरी दाराबाहेर अनोळखी गाव. लिंकन गावात त्यांची मुलगी जॉडी राहायची. तिच्या घराजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि जॉडी दर रविवारी फोनवर त्या खोल्यांची आठवण करून द्यायची. लाइल फोन घ्यायचा आणि सांगायचा, मला चालवता येतंय तोवर विषय काढू नकोस, पोरी. चालवता येत नाही हे त्याला कोण सांगणार? नोरीनला कधीकधी श्वास पुरा घेता यायचा नाही, आणि दमा तर तिला नव्हता.

लाइलनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. नोरीन उतरून ट्रेलरच्या मागे, डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली. ती तिची जागा. ट्रेलरवाल्यांच्या जगात नवरा चालवतो आणि बायको मागे उभी राहून हात दाखवते. चालवणाऱ्याला ट्रेलरच्या पाठीमागचं काही दिसत नाही, म्हणून हात दाखवणाऱ्याचा शब्द शेवटचा. हात आरशात दिसेनासा झाला तर जागच्या जागी ब्रेक. आणि काही आदळलं, मोडलं, तर दोष चालवणाऱ्याचा नाही, हात दाखवणाऱ्याचा. या नियमापायी संध्याकाळच्या वेळी, ट्रेलर मुक्कामाला लावायच्या कॅम्पात, किती तरी जोडप्यांची भांडणं नोरीननं ऐकली होती. नवीन कोणी आलं की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या त्या दिशेला वळवून बसत. फुकटचा तमाशा. लाइल आणि नोरीनच्या जोडीचं मात्र कधी हसं झालं नव्हतं. तिनं बोट हलवावं आणि त्यानं तेवढंच चाक वळवावं, अशी त्यांची ख्याती.

आज तो तिचं बोट बघत होता, पण उजवा आरसा त्याला दिसत नव्हता, आणि उतार उजवीकडेच होता. त्या बाजूला जायची धास्ती खाऊन तो ट्रेलर डोंगराकडेच दाबत राहिला. शेपूट दरडीत घुसलं. पुढे येऊन पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पिकअप आणि ट्रेलर कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर मिटायला लागले आणि पिकअपचा मागचा कोपरा ट्रेलरच्या गॅसच्या टाक्यांना लागेल इतका जवळ आला. नोरीननं दोन्ही हात वर केले. लाइलनं इंजिन बंद केलं आणि उतरून पायरीवर बसला. त्याचे हात मांड्यांवर नुसते पडले होते. बहात्तर वर्षांचा आडदांड माणूस इतका लहान झालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"आज चाकाचं काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला.

"असेल."

"कोणी येईल. शिकारीचे दिवस आहेत."

"फाटकाला कुलूप असलेल्या रस्त्यावर कोण मरायला येतंय?" नोरीन म्हणाली. "ऊठ. मी घेते."

तो तिच्याकडे बघत राहिला. ट्रेलर जोडलेली गाडी तिनं आजवर एक फूटसुद्धा चालवली नव्हती. सुटी पिकअप घेऊन ती दुकानात जायची, पण ट्रेलर जोडला की स्टिअरिंगवर लाइल, हे कधी कोणी ठरवलं नव्हतं आणि कधी बदललंही नव्हतं. मात्र तिच्या बापाची मक्याची शेती होती. धान्याच्या गाड्या ट्रॅक्टरनं मागे घेऊन कोठारात लावायचं काम लग्नाआधी तिच्याचकडे होतं. ते लाइलला माहीत होतं, आणि पन्नास वर्षांत त्याच्या ध्यानात एकदाही आलं नव्हतं.

ती चढली. सीट पुढे ओढली, दोन्ही आरसे आपल्या डोळ्यांच्या उंचीला आणले. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरचं शेपूट जातं. बापानं शिकवलेलं हे एवढंच. लाइल मागे जाऊन तिच्या जागेवर उभा राहिला. आरशात तो तिला पुरा दिसला, टोपी, पोट, वर केलेला हात. मग तिनं गाडी मागे सोडली. बैल तापल्या फुफाट्यातून चालेल तशी, अंगुळ अंगुळ, थांबत. चूक व्हायला लागली की पुढे येऊन सरळ करायची, पुन्हा मागे. पहिला सरळ तुकडा निभावला. तिच्या पाठीला घाम सुटला होता, आणि खरं सांगायचं तर तिला मजा वाटायला लागली होती.

मग वळण आलं. तिथे रस्ता आणखी अरुंद होता आणि उताराच्या बाजूची कड पावसानं खाल्लेली होती. डाव्या आरशात लाइलचा हात होता. तो हात म्हणत होता, उताराकडे, अजून, अजून, भरपूर जागा आहे. उजव्या आरशात नोरीनला ट्रेलरचं मागचं चाक दिसत होतं. चाकाखालची खडी सुटून खाली घरंगळत होती.

तिनं ब्रेक दाबला. लाइल खोटं सांगत नव्हता. त्याला खरोखरच तिथे जागा दिसत होती. एका डोळ्यानं जग सपाट होतं, जवळचं-लांबचं कळत नाही, हे तिला त्याच क्षणी नीट समजलं. नियम असा, की हाताचं ऐकायचं. तिनं ऐकलं नाही. स्टिअरिंगवरचा आपला हात डोंगराच्या बाजूला नेला, आणि ट्रेलरचं शेपूट दरडीला घासत, कड सोडून कसंबसं वळणातून सुटलं. आरशातला हात आपला हलतच होता.

नंतरचं सगळं सोपं होतं. मोठा रस्ता आला तशी तिनं गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. लाइल धापा टाकत येऊन शेजारच्या सीटवर चढला. तिच्या जागेवर. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो हसत होता.

"बघितलंस? त्या वळणावर मी नसतो तर गेलीच होतीस खाली."

नोरीन म्हणाली, "हो."

काय सांगणार? सांगायला तोंड उघडलं होतं तिनं, पण आनंदानं फुललेला तो म्हातारा बघून तोंडातले शब्द गिळले. तिथेच ती फसली. कारण पुढच्या तासभराच्या रस्त्यात, ती चालवत असताना, लाइल बोलत सुटला. आजवर सुचलंच कसं नाही म्हणाला. तू चालव, मी हात दाखवतो. तुझे डोळे घारीचे आहेत. हिवाळा ॲरिझोनात काढू, उन्हाळ्यात थेट अलास्का. पाठदुखीमुळे मला जे लांबचे पल्ले झेपेनासे झाले होते ते आता झेपतील. पाठदुखी म्हणाला तो, डोळ्याचं नावही काढलं नाही. दहा वर्षं निघतील अशी, म्हणाला. जॉडीला सांगू, तुझी आई ड्रायव्हर झाली.

नोरीन समोर रस्त्याकडे बघत होती. गाडी तिच्या हातात होती, तिला वाटेल तिकडे ती वळवू शकत होती, आणि कुठेही वळली तरी ती सुटणार नव्हती. तिची सगळी आशा एका वाईट गोष्टीवर टांगलेली होती. लाइलला एक दिवस चालवता येणार नाही, मग थांबावं लागेल. तो दिवस आज उजाडला होता, आणि तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हुशारीनं तो घालवून टाकला होता. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. लाइलला वाटलं, ते सुटकेचं पाणी आहे. त्यानं मायेनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

कॅम्पात पोचली तेव्हा ऊन अजून बरंच होतं. ओढ्याकाठचा कॅम्प, जागा हिरव्यागार, प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल. त्यांच्या वाट्याला आलेल्या जागेच्या मागच्या टोकाला कॉटनवूडचं एक जुनं झाड होतं, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. नोरीननं रस्त्यावर गाडी थांबवली आणि रिवाजाप्रमाणे उतरून आधी जागा पायी फिरून बघितली. झाड बघितलं. ट्रेलरचं मागचं चाक टेबलाच्या समोर आलं की थांबायचं, अशी खूण तिनं मनाशी धरली. मग परत येऊन बसली.

खुर्च्या वळल्याच होत्या. शेजारच्या जागेतला गलेलठ्ठ, दाढीवाला माणूस, वेन्डेल त्याचं नाव, हातात थंड बियर घेऊन पुढेच येऊन उभा राहिला. लाइलनं त्याला लांबूनच ओरडून सांगितलं, आज आमची मालकीण चालवतेय, नीट बघ. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. कोणीतरी टाळी वाजवली.

नोरीननं गाडी मागे सोडली. ट्रेलर लोण्यात सुरी जावी तसा जागेत शिरला. टेबल डाव्या आरशात आलं. चाक टेबलासमोर आलं. तिचा पाय ब्रेकवर होता.

आरशात लाइल होता. पाय फाकवून, टोपी मागे सरकवून, झोकात उभा. त्याचा हात म्हणत होता, ये. अजून ये. मग त्यानं दोन्ही तळवे समोरासमोर धरून अंतर दाखवलं. हातभर जागा आहे.

इथे उतार नव्हता. इथे कोणाचा जीव जाणार नव्हता. लाइल स्वतः ट्रेलरच्या बाजूला, चांगला लांब उभा होता. नोरीननं हे सगळं बघितलं. रागाच्या भरात तिनं काही केलं असं कोणी म्हणू नये. तिचं डोकं त्या वेळी थंड होतं. सात वर्षं लाइलनं तिच्या हाताचं ऐकलं होतं, एकदाही शंका न घेता. तसंच तिनं आता त्याच्या हाताचं ऐकायचं ठरवलं. तिनं ब्रेकवरचा पाय सैल केला.

हात म्हणाला, ये. ती गेली.

आवाज मोठा नव्हता. आधी शिडीचा पत्रा वाकल्याची कुरकुर, मग भिंत आत दबल्याचा एक जाड आवाज, आणि झोपायच्या खोलीच्या मागच्या खिडकीची काच खळकन खाली आली. मग गाडी आपोआप थांबली.

ती उतरून मागे गेली. लाइल झाडापाशी उभा होता. एक हात त्यानं खोडावर ठेवला होता आणि दुसरा दबलेल्या भिंतीवर, आणि दोहोंच्या मध्ये काहीच अंतर नाही हे तो बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून बघत होता.

"झाड बघितलं होतंस ना तू?" त्यानं विचारलं. आवाज एकदम खाली, फक्त तिच्यापुरता. "उतरून बघून आलीस."

"बघितलं होतं."

"मग?"

"तू ये म्हणालास, लाइल."

तो तिच्याकडे बघत राहिला. चांगल्या डोळ्यानं बघता यावं म्हणून मान जराशी वाकडी करून, जशी तो हल्ली दीड वर्ष करायचा आणि ती न पाहिल्यासारखं करायची. या खेपेला तिनं नजर काढून घेतली नाही. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, तो तिला ओळखीचा होता. मग तो गेला, आणि जे आलं ते तिला बघवेना. वळणही त्याला आठवलं असावं, कारण त्यानं एकदम विचारलं, "तिथेसुद्धा?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

एवढ्यात वेन्डेल येऊन पोचला. माणूस भला होता, मदतीलाच आला होता. आमच्याकडे प्लास्टिकचा कागद आहे, खिडकीला लावू म्हणाला, मग लाइलच्या खांद्यावर हात टाकून हसला. "मनावर घेऊ नका, काका. बाईमाणसाच्या हातात स्टिअरिंग दिलं की एखादं झाड आडवं येतंच. काकू, शिकाल हळूहळू."

खुर्च्यांतून थोडं हसू उठलं. नोरीननं मनाची तयारी केली होती. दोष आपल्यावर येणार हे ती जाणून होती. लाइलनं नुसतं मान डोलावून हसायचं होतं. ॲरिझोना, अलास्का, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

लाइलनं खोडावरचा हात काढला. टोपी नीट केली.

"गाडी तिनं बरोबर आणली," तो म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी दाखवलं तिथेच आणली. हात माझा होता. मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. दीड वर्ष झालं. मी कोणाला सांगितलं नाही."

वेन्डेलला बियरचं काय करावं ते कळेना. बाकीच्यांनी हळूहळू खुर्च्या पुन्हा ओढ्याकडे वळवल्या.

हे वाक्य ऐकायला नोरीन किती थांबली होती ते तिचं तिलाच माहीत. ऐकल्यावर आपल्याला रडू येईल, त्याची कीव येईल, असं तिला वाटायचं. कीव आली, नाही असं नाही. पण त्याआधी आला तो आनंद. उघडा, बेशरम, पोटातून वर आलेला आनंद. तिनं तिथेच, काचेच्या तुकड्यांत उभं राहून, छाती भरून श्वास घेतला. मग लाइलच्या दंडाला धरून त्याला टेबलापाशी नेऊन बसवलं आणि काचा गोळा करायला केरसुणी आणायला ती आत गेली.